करडी पळाली नव्हती

धाकटे, तुझे गुडघे कसे आहेत? शिलाईच्या मशीनपाशी बसून पाय सुजतात असं सूनबाई सांगत होती. निजताना पाय उशीवर ठेवत जा. चिरंजीव, तुझी कंबर? गाडी चालवताना पाठीशी काही घेतोस की नाही? सूनबाई, डोळ्यांचे थेंब संपले असतील तर आधी ते आण आणि मग पुढचं वाच. नातीचा पुढचा दात आला का? मी बरा आहे, म्हणजे डॉक्टर म्हणतात त्यापेक्षा बरा आणि मी सांगतो त्यापेक्षा वाईट.

एवढं वाचून वकिलांनी चष्मा काढला. "काका, मृत्युपत्रात विचारपूस नसते." मी म्हटलं, "मग माणसं शेवटपर्यंत ऐकायला बसतील कशी?" त्यांनी चष्मा परत घातला.

तर मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा मेंढ्या पाळणे, डोकं ठिकाणावर असताना, कुणी न शिकवता आणि कुणी न धमकावता हे लिहून ठेवत आहे. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं, तेव्हा भाषा जशी आहे तशी घ्यावी. याआधीचं मृत्युपत्र, ज्यात कळप विकून टाका असं म्हटलं होतं, ते रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर चिरंजीवाचं. मधल्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं. तेव्हा खांद्याने ढकलावं, रंधा मारू नये. मी एकदा मारला होता, तर उन्हाळ्यात दारातून हात जाईल एवढी फट पडली.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. तिने चौथीच्या पुढे जावं.

कलम तीन. लोकर कापायच्या दोन कातऱ्या आहेत. मोठी चिरंजीवाला; त्याने कधी चालवली नाही, निदान हातात धरून बघावी. छोटी, डाव्या हाताची, धाकट्या बहिणीला. ती मुळात तिचीच. घर सोडताना ती न्यायची राहिली. मी ती पाठवायला विसरलो असं आजवर सांगत आलो. विसरलो नव्हतो. पाठवली नाही.

कलम चार. गाढव. आमची राखणीची कुत्री करडी गेल्यावर कळपात कुत्रं ठेवायचं मला धाडस झालं नाही, म्हणून गाढव आणलं. गाढवाला लांडग्याचा उपजत राग असतो. ते ओरडतं, अंगावर जातं, लाथा झाडतं. पण आणायचं असतं एकच. एकटं असलं की ते मेंढ्यांनाच आपलं मानतं. मला दया आली आणि मी जोडी आणली. दोघं कुंपणाच्या कोपऱ्यात मानेवर मान टाकून उभी राहिली. मेंढ्या कुणाच्या, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. धाकटी इथे असती तर म्हणाली असती, "दादा, राखण आणलीस की पाहुणे?" एक परत दिलं. राहिलेलं आता म्हातारं झालंय, त्याला विकू नये. सकाळी कान खाजवलेले त्याला आवडतात, डावा आधी.

कलम पाच. लोकर तोलणाऱ्या बाईंशी मी बारा वर्षं बोललो नाही. भर काट्यापाशी त्या म्हणाल्या होत्या, "यांच्या बहिणीने निवडलेली कुत्री राखण करतात, पण लांडगे गेल्यावर." सगळे हसले. मी तोललेली लोकर उचलून घरी परत नेली. जे बोलणं माझ्यामुळे धाकटीच्या वाट्याला आलं, त्याचा राग मी बोलणारीवर काढला. तो राग मी मागे घेतो. बाई आज साक्षीदार म्हणून समोर बसल्या आहेत आणि हे ऐकून खिडकीबाहेर बघताहेत.

कलम सहा. हे लिहायलाच आधीची पाच लिहिली.

एके काळी राखणीचं पिल्लू निवडायला लोक लांबून धाकटीकडे येत. मी टाळी वाजवायचो आणि जे पिल्लू पहिलं धावत येईल ते उचलायचो. ती म्हणायची, "दादा, ते तुझी राखण करील, मेंढ्यांची नाही." ती पिल्लांना कोकरांत सोडून भिंतीला टेकून दुपारभर बसायची. चावरं बाद. कोकरांना खेळायला ओढणारं बाद. कोकराने ढुशी मारली की जे नजर खाली करून बाजूला होईल आणि मग त्याच कोकराच्या पाठीला पाठ लावून झोपेल, ते ती उचलायची. करडी अशीच निवडलेली. मी त्याच वेळी एक काळं गुबगुबीत निवडलं होतं. ते स्वयंपाकघरात वाढलं आणि पोस्टमन सोडून जन्मात कुणावर भुंकलं नाही.

करडीने पाच वर्षं एकही मेंढी जाऊ दिली नाही. जनावरांच्या बाजारात तिचं नाव झालं. कुणीतरी विचारलं, "अशी कुत्री निवडली कुणी?" मी म्हणून गेलो, "मीच." ते म्हणाले, "मग पुढच्या बाजाराला आणून दाखवा."

त्याला चोवीस वर्षं झाली. सकाळी दाट धुकं होतं. धाकटी शेडमध्ये एका अडलेल्या मेंढीपाशी होती. मी करडीला गळ्यात दोरी बांधून जीपमध्ये चढवलं. आतून तिने विचारलं, "दादा, करडी आहे ना कळपात?"

मी म्हटलं, "आहे."

बाजारात लोकांनी करडीचे दात पाहिले, छाती पाहिली, मला चहा पाजला. मेंढ्यांशिवाय उभं राहायची तिला सवय नव्हती. ती माझ्या पायाला चिकटून थरथरत होती. तासाभरात निघता आलं असतं. पण नवा माणूस आला की मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगता येत होतं, म्हणून दुपार केली.

परतताना वळणावरूनच उतारावर पांढरं पसरलेलं दिसलं. अकरा मेंढ्या. मी जीप थांबवली, दोरी सोडली आणि करडीला तिथेच उतरवलं. ती धावत सुटली आणि मेलेल्या मेंढ्यांमध्ये जाऊन उभी राहिली. मेंढी मोकळी करून, कोकरू पुसून धाकटी बाहेर आली ती त्याच वेळी. तिला करडी कळपात दिसली. मी मागून सावकाश गेलो, बाजारातून एकटाच आल्यासारखा.

तिने गुडघ्यांवर बसून करडीचं तोंड उघडून पाहिलं. रक्त नव्हतं. मान चाचपली, चारही पाय चाचपले. ओरखडासुद्धा नव्हता. करडी तिचा हात चाटत होती.

"दादा, ही पळाली," ती म्हणाली. "लढली असती तर अंगावर दिसलं असतं." मग म्हणाली, "माझी निवड चुकली."

मी म्हटलं, "होतं असं कधीकधी."

एकदा पळालेलं कुत्रं कळपात ठेवायचं नाही, हा नियम तिचाच. करडीला लाकडाच्या वखारीत साखळीला बांधायला दिलं. पिल्लं दाखवायला येणारी माणसं कमी झाली, जी आली त्यांना धाकटीच म्हणायची, "मला नका विचारू." पुढच्या वर्षी ती शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात गेली. मी फळ्या आणायला वखारीत गेलो तेव्हा करडी ओंडक्यांना पाठ लावून, फाटकाकडे तोंड करून बसली होती. मला ओळखून तिने शेपटी हलवली. त्यानंतर मी फळ्या दुसऱ्या गावाहून आणल्या.

तरी मी जाहीर करतो की करडी पळाली नव्हती. ती तिथे नव्हतीच, तिला मी नेलं होतं. माझ्या बहिणीची निवड बरोबर होती. हे कलम येत्या लोकर-तोलाच्या दिवशी, काट्यापाशी सगळे जमले असताना मोठ्याने वाचावं. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. गेलेल्या माणसाला लाज वाटत नाही, म्हणून आधी वाचायचं. मी काट्याशेजारी उभा राहीन.

कलम सात. बासष्ट मेंढ्या, मेंढवाडा आणि उतारावरचं गवताचं रान धाकटीला. चिरंजीव, रागावू नकोस. मेंढीच्या वासाने तुला शिंका येतात हे तुझ्या आईने तू तीन वर्षांचा असतानाच सांगितलं होतं.

याच कलमात पाच पिल्लं. वखारीत करडीची वेल वाढत गेली. तिच्याच पाचव्या पिढीतली कुत्री गेल्या वर्षी धंदा बंद करणाऱ्या एका मेंढपाळाने मला दिली, ती शेडमागे व्याली. पाचांतली दोन राखणीला ठेवायची. परवा मी धाकटीसारखा भिंतीला टेकून दुपारभर बसलो. एक पिल्लू दुडुदुडु आलं आणि माझ्या बुटाची नाडी चावू लागलं. मला तेच आवडलं. यावरून काय ते समजावं.

हे सगळं अमलात आणायची जबाबदारी जनावरांच्या डॉक्टरांवर. त्यांनी ती हसत घेतली, सहावं कलम वाचायच्या आधी.

सही: दादा
(हात कापतो म्हणून सही वाकडी आहे, माणूस तोच आहे.)

साक्षीदार पहिले: जनावरांचे डॉक्टर
साक्षीदार दुसऱ्या: लोकर तोलणाऱ्या बाई
(दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.)

ठिकाण: मेंढवाड्यालगतची खोली
तारीख: वकिलांनी वर घातली आहे. पिल्लांचा आज सव्विसावा दिवस.

धाकटे, साक्षीदार तू असावंस असं मनात होतं, पण ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीला बसायचं नसतं म्हणे. म्हणून एक नक्कल तुला आजच टपालाने पाठवतो. माफीचं उत्तर मागत नाही, पिल्लांचं मागतो. बेचाळिसाव्या दिवशी ती कोकरांत सोडायला हवीत. उशीर झाला की ती माणसांची होतात, हे तूच शिकवलंस. छोट्या कातरीला धार लावून ठेवली आहे. "येते" लिही नाहीतर "येत नाही" लिही, पण लवकर लिही. टाळी वाजवायला माझे हात आताच शिवशिवताहेत.