टेबलाचा सातवा हात

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच जमिनीवर आडवा पडून लिहितो आहे, टेबल ओलं आहे.) तू आणि वहिनी खुशाल आहात असं धरून चालतो, कारण सहा वर्षांत तू काही कळवलेलं नाहीस. इकडे आम्ही ठीक. बाबांचं काही खरं नाही, हिच्या कोपराचं कातडं सोलवटलंय आणि माझी दहाही बोटं एकमेकांना चिकटतात. बाकी सगळं उत्तम.

या सगळ्याच्या मुळाशी आपलं जेवणाचं टेबल आहे. बाबांनी जन्मभर लोकांची कपाटं, पलंग आणि दारं पॉलिश करून दिली, पण घरात दिव्याखाली अंधार. तू आणि मी त्यावर पाढे घोकायचो तेव्हा ते जसं कोरडं ठक्क होतं, तसंच अजून होतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बाबांची नाडी पाहिली, मला बाहेर नेलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला (डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला की आपण समजून घ्यावं). आत आलो तर बाबाच म्हणाले, "काय म्हणाला ते कळलं मला. पण या टेबलाला पॉलिशचे सात हात चढल्याशिवाय मी हलत नाही. मी गेल्यावर माणसं भेटायला येणार, या टेबलावर चहा पिणार आणि म्हणणार, हा कसला पॉलिशवाला!"

आता मी पडलो पोस्टातला कारकून. आजवर शिक्का मारण्यापलीकडे माझ्या हातून काही घडलेलं नाही. हे काम खरं तुझं. पण तू फवारा मारून अर्ध्या दिवसात कपाट चमकवायला लागलास, बाबा म्हणाले, "ही चमक नव्हे, घाम आहे," आणि तू बॅग भरलीस. (दोघंही एकाच लाकडाचे, मी मधल्या मधे भुसा.) तेव्हा असं ठरलं की बाबांनी खाटेवरून सांगायचं आणि मी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून चोळायचं. पहिला हात दमट हवेत दिला, तर टेबल पिठात लोळल्यासारखं पांढरं झालं. ते खरवडून पुन्हा दिला. दुसरा वाळायच्या आत ही भाजी निवडायला कोपर टेकून बसली. कोपर सुटलं, कातडं तिथंच राहिलं. तिसऱ्यावर मी स्वतःच गरम किटली ठेवली. बाबांना डोळ्यांनी आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण हाताची पालथी बाजू फळीवर फिरवली की सगळं कळतं. मग माझा उद्धार. "बोळा धरलायस की मेलेला उंदीर?"

पण शिव्या खाता खाता हात बसला. सहावा हात असा काही जमला की माझं मलाच खरं वाटेना. बाबांनी हात फिरवला. शिवी नाही, काही नाही. "आता एकच राहिला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. दादा, मी भ्यालो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागलेला पाहून मी काचपेपर घेतला आणि वरचे तीन हात खरवडून टाकले. उठल्यावर त्यांनी फळीवर हात फिरवला मात्र, अर्धा तास माझी सालं काढली, आणि मग म्हणाले, भूक लागलीय.

तेव्हापासून हेच चाललंय. सहावा हात चढला की मी दुपारी खरवडतो, बाबा शिव्या देतात आणि चार घास जेवतात. हिला वाटतं मला वेड लागलं, डॉक्टरांना वाटतं त्यांचं औषध लागू पडलं. पण काल बाबांना उचलून बसवलं तर ते उशीएवढे हलके लागले. मला हे बघवत नाही आणि थांबवताही येत नाही.

कळावे. लोभ सहा वर्षांपूर्वी होता तेवढा तरी असू द्यावा.

तुझा,
धाकटा

ता.क. लाख संपत आली आहे. तुझ्याकडे असली तर पाठव. पत्र तेवढ्यासाठीच.

ता.क. दुसरा. वरचं खोटं आहे, लाख डबाभर आहे. पत्र बाबांना वाचून दाखवलं, अर्थात काचपेपर गाळून. ऐकून म्हणाले, "आणि खरवडतोस ते नाही लिहिलंस? दुपारी मला झोप लागते असं वाटतं तुला? चाळीस वर्षं तो आवाज ऐकलाय मी." मग फळीवरून हाताची पालथी बाजू फिरवली. नंतर म्हणाले, "सातवा हात तुझा नव्हेच. मोठ्याला बोलाव. म्हणावं, फवारा घेऊन आलास तरी चालेल."

बाबा असं म्हणाले, दादा. फवारा चालेल म्हणाले. तू लगेच नीघ.

ता.क. तिसरा. येताना चांगला जाडा काचपेपर घेऊन ये. माझा पार झिजलाय, आणि आता आपण दोघं असू.