मुंगवड्यांचं व्हिजन

३ मार्च, सोमवार
अमरावतीहून अकोल्याला परत आलो. पाय सुजले. दुकानवाल्या साहेबांना मुंगवड्या पसंत पडल्या, कुरडयाही. त्यांच्या सगळ्या दुकानांत ठेवतो म्हणतात. पण आधी कंपनीची माहिती पाठवा. व्हिजन, मिशन, व्हॅल्यूज.
"तुमचं व्हिजन काय, काका?"
मी म्हटलं, मुंगवड्या.
"तो माल झाला."
एसटीत विचार करत होतो. बडनेऱ्यापर्यंत काही सुचलं नाही, मूर्तिजापूरला डोळा लागला.

४ मार्च
दादाच्या ऋतुजाला पुण्याला फोन. ती असल्याच कामात आहे. खूश झाली. "काका, मी होळीला येते, बसून लिहू."
दादा गेला तेव्हा ती दुसरीत होती. वहिनी गच्चीवर वड्या घालायला लागल्या, मी सायकलवर जुन्या शहरात विकायला लागलो. त्याला आता कंपनी म्हणायचं. बरं.

६ मार्च
ऋ.ने एक ओळ पाठवली. "वऱ्हाडची चव, जगाच्या ताटात." वहिनींना वाचून दाखवली. डाळ निवडत होत्या.
"चांगलं हाय," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "एवढं कोन घालन पन?"
मी हसण्यावारी नेलं.

१२ मार्च, बुधवार
ऋ. सकाळी आली. दुपारी बसलो चौघं. ती, मी, बायको मंगल, वहिनी. ऋ. वही घेऊन मास्तरणीसारखी. म्हणाली, सोपा प्रश्न आहे, दहा वर्षांनी आपण कुठं?
मी बोलत सुटलो. एमआयडीसीत शेड. वाळवणाचं मशीन. नागपूर. मंगल म्हणाली, आधी गच्चीवर शेडनेट टाका. मग ऋ.नं सांगितलं, नोकरी सोडून इथं यायचं तिच्या मनात आहे. घरूनच धंदा वाढवायचा. मला भरूनच आलं.
मग ती म्हणाली, आई, तू सांग.
वहिनी म्हणाल्या, "दहा वर्सं कायले? हा उनाळा झाला का मले थांबायचं हाय."
"कौंडण्यपूरले बहीण एकटी हाय. तिच्यापाशी राहीन. नदीवर जाईन, बसीन. मले थकवा आला, भाऊजी."
वारं सुटलं म्हणून वर वड्या झाकायला गेल्या. ऋ.चा पेन तसाच हातात.

१३ मार्च, होळी
मायलेकींचं स्वयंपाकघरात चाललेलं. ऐकायचं नव्हतं, पण घर केवढंसं.
"मी तुझ्यासाठी सगळं सोडून येते म्हणते अन् तू जाऊन राहिली?"
"माह्यासाठी येऊ नको ना मंग. तुले यायचं असन तर ये."
मग नुसता भांड्यांचा आवाज.
मंगल मला म्हणाली, तुमी वहिनीले कधी इचारलं होतं काय? मी म्हटलं, त्यांनी कधी सांगितलं नाही. ती म्हणाली, इचारलं कोनं?

१५ मार्च
ऋ. गेली. स्टेशनवर सोडलं. राजीनाम्याचं विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "मला वाटायचं तिला हे आवडतं, काका."
मलाही.

१८ मार्च
साहेबांचा फोन. कधी पाठवता? पाकिटावरचा वहिनींचा फोटो त्यांना फार आवडला. "वहिनींच्या हातच्या" ही ओळ मोठी करा म्हणाले, लोकांना तेच पाहिजे असतं.
व्हॅल्यूजमध्ये पहिलं लिहिलं प्रामाणिकपणा. मग पाकीट समोर ठेवून पाहत बसलो. वहिनी गेल्यावर हा फोटो…
पान फाडलं.

२० मार्च
वहिनींना म्हटलंच. तुमच्याशिवाय वड्या कशा होतील? तुमचा हात कुठून आणू?
"होतीन ना. दोन वर्सं झाले, कामाले येनारी शोभा अन् तिची जाऊच घालतात. मी निस्ती बसून राह्यतो. तुमाले मालूम नाही, तुमी वर येतच नाही."
खरं आहे. माझं सगळं खालीच. पाकिटं, फोन, गाड्या.
मला का राग आला? त्या नसल्या तर काम अडेल, हे मला हवं होतं की काय.

२३ मार्च, रविवार
आज वर गेलो. पत्रा हात लाववत नाही इतका तापलेला. शोभा म्हणाली, "भाऊ, तुमी इकडं कावून?" जाऊ हसली. लुगड्यावर वड्यांच्या रांगा, पिवळ्याधम्मक. मीही चार घातल्या. बसक्या आल्या. त्यांनी मुकाट्यानं उचलून परत घातल्या.
वहिनी सावलीत. मी म्हटलं, व्हॅल्यूज लिहायच्या राहिल्या, तुम्ही काही सांगा.
"ते काय असते?"
म्हटलं, जे काही झालं तरी मोडायचं नाही.
त्यांनी रांगांकडं पाहिलं. मग, "उनाच्या टायमाले बाया घरी जातीन. कितीबी माल निघायचा असो, बोलावनं धाडाचं नाही. हे लिहा."
लिहिलं. शोभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अन् खरंच करान?"
हो म्हटलं. मग मनात आलं, मोठी ऑर्डर आणि दुपारी काम बंद, दोन्ही कसं जमायचं?

२६ मार्च
साहेबांना ती ओळ फोनवर वाचून दाखवली. म्हणाले, हे आतलं झालं, गिऱ्हाइकाला काय त्याचं. काढा.
नाही काढत म्हटलं. "बघू," म्हणाले. व्हिजन तरी पाठवा.
ऋ.ला कळवलं. तिचं उत्तर, ठेवा ती ओळ. बस, एवढंच.

२९ मार्च, शनिवार
वहिनींना कौंडण्यपूरला पोहोचवून आलो. पाडवा बहिणीकडे करायचं त्यांनीच ठरवलं. अमरावतीला गाडी बदलली. पिशवी एकच. उन्हाळा अजून पुरता आहे, म्हणून मी धरून चाललो की परत येतील. विचारलं नाही.
बहीण दारातच उभी होती. दोघी आत गेल्या त्या गेल्याच, माझा चहा विसरल्या. मग तिघं नदीवर. पाणी कमी. वहिनींनी चपला काढल्या, पाय पाण्यात सोडून बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
निघताना म्हटलं, "कधी येऊ घ्यायले?"
"या ना कधीबी," म्हणाल्या.
घ्यायला की भेटायला, ते काही म्हणाल्या नाहीत.
परतीच्या गाडीत ऋ.चा मेसेज. "आई काय म्हणाली? मी सोमवारी राजीनामा देऊ की नको?"
अकोला आलं तरी उत्तर लिहिलं नव्हतं.