माझ्या ट्रकातली चाल

सोमवार, साखळी

चहाच्या दुकानात आज पुन्हा आमच्या आवडत्या रॉक बँडवरून वाद. पोरं म्हणाली, नव्या अल्बमात तो संथ, जड झाला. मी म्हटलं, पहिल्यापासून असाच होता. ट्रकात कॅसेट ऐकलीय मी. दुकानदार शाबीने मोबाइलवर पहिला अल्बम लावला. केवढी घाई त्या गाण्यांना! ओळखूच येईनात. शाबी हसला, "बापू, तुज्या ट्रकातलो टेप सवकास चलतालो रे!"

खाणीवरून नदीवरच्या धक्क्यापर्यंत खेपा मारताना वर्षानुवर्षं चुकीचंच ऐकलं? चुकीचं कसं? त्या सावकाश टेपवर स्टिअरिंग धरून रडलोय मी. ते खोटं? नाही. उद्या जाऊन पोरांच्या तोंडावर सांगणार, बँड बिघडला नाही. आत्ता कुठे माझ्या चालीवर आला.