कापड आलं का?

सोमवार, ३ जून
गणवेशवाली आजही आली नाही! नवरा पाठवत नाही. शाळेचे गणवेश शिवून घर ती चालवते आणि दाराबाहेर पाऊल टाकायला परवानगी त्याची. गेल्या महिन्यात मनगट मोडून आली होती, तर म्हणे जिन्यावरून पडले. मोठ्या डॉक्टरांपुढे हट्ट धरला — हिचे उपचार फोनवर चालू ठेवू. नसतं लचांड गळ्यात घेताय, म्हणाले. घेतेय! समुपदेशन म्हणजे काही फक्त दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा नव्हे.

बुधवार, ५ जून
ठरलं. ती बोलून पाठवणार, मी लिहून. वाचून झालं की ती पुसून टाकणार. बोलताना शिलाई मशीन चालू ठेवते, म्हणजे पलीकडच्या खोलीत सासूला वाटतं काम चाललंय. माझा नंबर तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून आहे. मी आधी एवढंच विचारायचं — कापड आलं का? तिनं एखादा रंग सांगितला, तर फोन तिच्याच हातात. रंग नाही, तर मी गप्प. ही तिची कल्पना, माझ्या डोक्यात आली नसती.

सोमवार, १० जून
मशीनच्या घरघरीत हळूच म्हणाली, "मॅडम, शनिवारी ते कामावर गेले की मुलीला घेऊन बहिणीकडे निघणार. परत यायचं नाही आता."
तीनदा ऐकलं. डोळे भरून आले. तिची पाठ थोपटावीशी वाटली. थोडी माझीही.

मंगळवार, ११ जून
तिच्याकडून काही नाही. काम जास्त असेल.

बुधवार, १२ जून
सकाळपासून पेशंटची रीघ, जेवणाचा डबा तसाच. दुपारी तिला विचारलं, कापड आलं का. आज आवाज नाही, लिहूनच आलं — हो आलं, घसा बसलाय. रंग विचारायचा राहिला, पुढचा पेशंट दारात उभा होता. शनिवारचं पक्कं ना, म्हटलं. तर — "शनिवारी काय?" कच खातेय बिचारी! म्हणून सगळं नीट लिहिलं — तो कामावर गेला की मुलीला घेऊन निघा, बहीण वाट बघत असेल, आता माघार नको. खूप वेळानं "बरं" आलं.

शुक्रवार, १४ जून
"आता बरं वाटतंय. काळजी नसावी." एवढंच. किती शांत झालीय! मोठ्या डॉक्टरांना ऐटीत सांगितलं. घरी आमचे हे चिडवतात — माझ्या आईला उत्तर द्यायला दोन दिवस लावतेस आणि पेशंटला दोन मिनिटं. चिडवू देत.

शनिवार, १५ जून
संदेश नाही. निघाली असणार.

सोमवार, १७ जून
दवाखाना उघडताना पायरीवर तिची बहीण बसलेली. "मॅडम, ती आलीच नाही. घराला कुलूप आहे, कुणी काही सांगत नाही. तिचा फोन तर मंगळवारीच त्यानं काढून घेतला होता, शेजारणीच्या फोनवरून रडत होती." बहिणीला घेऊन पोलिसांकडे निघालेय. बुधवारी मी सगळं त्यालाच लिहिलं.