थायलंडहून आल्यावर तीन महिने

५ फेब्रुवारी, बोरी
बियाणे कंपनीच्या डीलर टूरवरून काल परत. थायलंड, पाच दिवस, सगळं फुकट. अंग जरा गरम लागलं म्हणून जिंतूरला डॉ. बुद्धभूषण यांना दाखवलं. त्यांना झिकाची शंका. डासांतून येतो, अन् नवऱ्याकडून बायकोलाही जातो. दिवस गेले असले तर बाळाला धोका. "ताप उतरला तरी तीन महिने निरोध वापरा, न्हाईतर लांब राहा. मूल आत्ता नको. अन् बायकोला स्पष्ट सांगा."
लग्नाला दोन वर्षं झाली, आई रोज नातवाचं काढते. तरी सांगतो म्हणलो. माझ्यासारख्याला यात अवघड काय.

६ फेब्रुवारी, सकाळी ९
सांगायचं पक्कं. पण थायलंड म्हणलं की बायका भलताच अर्थ काढतात. मी तिथं फक्त हत्ती अन् ठिबकचं प्रदर्शन पाहिलं. मसाज केला, पण पायाचा. उद्या सांगतो.

८ फेब्रुवारी
न सांगता निरोधच बरा. बोरीतला मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून जिंतूर ओलांडून पार येलदरीला गेलो. काउंटरवर बायकोचा, म्हणजे पंकजाचा, मावसभाऊ प्रीतम. "दाजी, काय देऊ?" मी डासाची अगरबत्ती मागितली. तीन पुडे घेतले. कुणालाच काही कळलं न्हाई, म्हणजे काम फत्ते.

९ फेब्रुवारी
जबरदस्त आयडिया सुचली. घरात सांगितलं, पोखर्णीच्या नरसिंहाचा नेम धरलाय, तीन महिने ब्रह्मचर्य, झोपायला दुकानाच्या गोदामात. पंकजा "बरं" म्हणली. पूर्ण विश्वास बसला.
आईनं विचारलं, "नेम कशासाठी?" लेकरासाठी, म्हणलो. "मग लेकरू येणार कसं?" यावर विषय बदलला.

२ मार्च
गोदामात खताचा लय वास. पण गावात वजन वाढलं. माणिकराव दुकानात येऊन म्हणाले, "महारुद्र, तोंडावर तेज दिसायलंय." घाम असावा. मी न्हाई म्हणलो न्हाई.

१७ एप्रिल
बेचाळीस डिग्री. पंकजा गोदामात आली. "तुमाला मला काही सांगायचंय का?" मी ब्रह्मचर्याचे फायदे सांगितले. वीस मिनिटं. ती मधीच उठून गेली. भारावली असावी.

५ मे
तीन महिने पूर्ण. गादी उचलून घरात आणली. पंकजाला सगळं खरं सांगून टाकलं, आता हरकत न्हाई म्हणून.
ती म्हणली, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं. डॉक्टरची चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती, मी कपडे धुतले. आजाराला मी भ्याले नसते. तुमी कधी सांगता म्हणून वाट बघितली."
मी गादी अंथरायला घेतली.
"आता माझा नेम. तीन महिने."
गादी परत माझ्या खांद्यावर.
काळजी न्हाई. पंकजाला माझ्याएवढा संयम न्हाई. आठ दिवसांत मोडेल.

१३ मे
न्हाई मोडला.