नदी कुठली म्हणायची

२४ मे, रविवार
हो म्हणून बसले!

मंडळाच्या सुनंदाकाकूंचा फोन — गुरुजी महिनाभर भारतात, तर अधिक महिन्याच्या सत्संगात संकल्प तूच सांग. "तुझे उच्चार अगदी तुझ्या बाबांचे, राजनभाऊंचे गं, स्वच्छ!" ७ जून, बर्नाबीच्या मंदिराचा हॉल, दीडशे माणसं. मी सांगायचं, सगळ्यांनी हातात पाणी घेऊन मागून म्हणायचं.

बाबांनी चहात साखर दोनदा घातली.

येतो मला संकल्प. शाळेत जायच्या आधी बाबांनी किचन टेबलावर बाराखडी शिकवली आणि संकल्प गाडीत — एका लाल सिग्नलला एक ओळ.

२६ मे
म्हणून बघितला. सगळं सरळ, आणि मग "गोदावर्या दक्षिणे तीरे". अडकलेच. संकल्प म्हणजे कोण, कधी, कुठे बसून पूजा करतोय ते देवाला सांगायचं. आपण कॅनडात, कोक्विटलाममध्ये राहतो, फ्रेझर नदीच्या उत्तरेला! ऑफिसात ॲफिडेव्हिटवर युनिट नंबर चुकला तरी मी लोकांना परत पाठवते. आणि इथे दीडशे जणांना हातात पाणी घेऊन खोटा पत्ता सांगायला लावू?

२७ मे
बाबांना विचारलं. ते पीआर कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, रिन्यू करायचा फॉर्म भरत होते. दर पाच वर्षांनी तेच. मी इथेच जन्मले, आईनं वीस वर्षांपूर्वी नागरिकत्वाची शपथ घेतली. बाबा नाही. "माझा भारताचा पासपोर्ट आहे." विषय बंद.

"आजोबा तेच म्हणायचे, मी तेच म्हणतो."

"पण आपण तिथे नाही आहोत ना, बाबा?"

"आपलं संगमनेर गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे."

आणि समोर फॉर्मवर, त्यांच्याच ठसठशीत अक्षरात — कोक्विटलाम.

३० मे
विलासकाकांकडे गेले. मंडळात त्यांच्याइतकं पोथ्यांतलं कुणाला कळत नाही. ते आधी हसलेच. "आणि जंबुद्वीपाचं काय करणार तू? कॅनडाद्वीपे?" मग चष्मा काढला. "द्वीपांवर शास्त्री भांडत बसू देत. नदीचं म्हणशील तर जिथे बसलोय तिथली, हे बरोबर. पण राजनसमोर म्हणणार? हिंमत आहे बुवा."

नाहीये. म्हणून तर विचारत फिरतेय.

२ जून
तिथी!! बाबा तिथी कायम व्हँकुव्हरच्या पंचांगातून बघतात. काकूंशी वादही घातलाय — "भारतातली कशी चालेल? सूर्य इथला." मग सूर्य इथला आणि नदी तिथली?

भांडी घासताना सुचलं. एकदम हलकं वाटलं. म्हणणार.

पण त्यांना आधी सांगणार. हॉलमध्ये अचानक ऐकवणं बरं नाही.

३ जून
सांगितलं.

बाबांनी टेबलावरचे पोळीचे तुकडे बोटानं गोळा केले. "तुला बरोबर वाटतं ते म्हण. मी माझं मनात म्हणेन."

नंतर आई खाली बेसमेंटमध्ये माझ्या खोलीत आली. "रागावले नाहीत गं ते. घाबरलेत."

नदीला काय घाबरायचं?

५ जून
साडीची इस्त्री झाली. शंभरदा म्हणून झालं. बरोबर आहे माझं. तरी परत एकदा म्हणून बघते.

७ जून, रविवार
झालं!!

माइक काकूंनी माझ्या नाकाला लावला होता. बाबा तिसऱ्या रांगेत, गुडघ्यांमुळे खुर्चीवर. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "फ्रेझरनद्याः उत्तरे तीरे." मागून कुणाची तरी मुलगी — "वेट, डिड शी से फ्रेझर?" हशा! आणि मग दीडशे जण म्हणाले की. मोठ्यानं. मला वाटतं बाकी ओळींपेक्षा मोठ्यानं.

सगळ्यांनी पाणी वाटीत सोडलं तेव्हा वर बघितलं. बाबा पाणी तसंच तळव्यात धरून बसले होते. झब्ब्याची बाही कोपरापर्यंत ओली.

येताना गाडी मीच चालवत होते. घराजवळ लाल सिग्नल लागला.

"नद्या उत्तरे," बाबा म्हणाले.

"काय?"

"फ्रेझरनद्या उत्तरे तीरे. पुढे स्वर आला की तिथला विसर्ग जातो. शिकवलं नव्हतं का मी?"

अरे देवा! दीडशे जणांकडून चूक वदवली! मी सॉरी सॉरी करत होते आणि आई मागच्या सीटवर हसत होती. सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच. मागून हॉर्न.

८ जून
बाबांनी पीआर कार्डाचा फॉर्म माझ्या हातात दिला. सही खोडलेली.

"हा नको, ऊर्मे. तो दुसरा असतो ना, तुझ्या आईनं भरलेला — तो आण."