तेराव्या खोलीची बेल

४ फेब्रुवारी

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. सहा आठवडे कुठल्याही पडद्याकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिली आहे. जन्मभर कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला वाळूत फिरायला जा म्हणण्यासारखं आहे. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायची परवानगी मात्र मी भांडून मिळवली. अक्षर रेघा सोडून पळतंय, हसू नकोस. फोन कर असंही म्हणत नाही. फोनवर तुझी जीभ अडखळते, मग आपण दोघंही फोन कधी ठेवायचा याची वाट बघत बसतो.

काम असं आहे. जुन्या कॉम्प्युटर खेळांचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांना आपल्या मधल्या भावाचा ‘तेरा खोल्या’ हवा आहे. त्याने लिहिलेली डॉसची आवृत्ती आणि तो गेल्यावर मी कंपनीसाठी केलेली विंडोजची, अशा दोन्ही. शिवाय दोन्हींत काय काय फरक आहे ते लिहून हवंय. माझी सीडी सोबत पाठवते. त्याच्या फ्लॉप्या तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. सत्तावीस वर्षांत ती ट्रंक तूही उघडली नाहीस आणि मीही विचारलं नाही, पण आता उघड. तू घड्याळजी, बारीक बघायची तुला सवय आहे.

तुझ्या बायकोला, आमच्या वहिनीला, माझी आठवण सांग. उत्तराला उशीर केलास तर कान धरीन.
तुझी ताई

*

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान शाबूत राहावा म्हणून लगेच लिहितो आहे. ट्रंक उघडली. वर त्याचा निळा स्वेटर होता, तो उचलून बाजूला ठेवायला मला अर्धा तास लागला. खाली फ्लॉप्या निघाल्या. शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडून फ्लॉपी वाचायचा खोका आणला आणि दुकानातच बसलो.

आधी तुझी आवृत्ती सांगतो. चित्रं सुरेख आहेत, संगीत आहे, पात्रं बोलतात. फक्त म्हातारा, पोलीस आणि राजकन्या या तिघांचाही आवाज तुमच्या कंपनीच्या ड्रायव्हरचा आहे हे मी ओळखलं. सगळं काम माउसने. ज्या वस्तूवर बाणाचा हात होतो तेवढीच वस्तू आपली, बाकीचं नुसतं बघायचं.

मधल्याच्या खेळात चित्रं म्हणजे चार रंगांचे ठोकळे, पण तिथे काहीही टाईप करता येतं, रोमन अक्षरांत आपलं मराठी. आणि तो प्रत्येकाला उत्तर देतो! मी ‘कंटाळा आला’ लिहिलं, तर म्हणाला, मग खिडकी उघड, सगळं काय मीच सांगायचं? ‘भूक लागली’ लिहिलं तर म्हणाला, तुला ती कायमचीच असते. ताई, हे मलाच आहे ना गं? माउस आला म्हणून तू हे शब्द काढून टाकलेस. मी समजू शकतो, पण वाईट वाटलं.

सगळ्यात मोठा फरक तेराव्या खोलीत आहे. तुझ्याकडे बंद दारावर क्लिक केलं की ते उघडतं, आत रिकामी खोली आणि खेळ संपला. त्याच्याकडे आपण आधीच खोलीत असतो. दार बंद. बाहेर कोणीतरी बेल वाजवतंय, असं येतं. मी पहिलं अक्षर दाबेपर्यंत बेल भराभरा किंचाळली, पडद्यावर ‘गेला’ असं आलं आणि खेळ बंद पडला. चार वेळा हेच झालं. कॉम्प्युटरवाला म्हणतो, हे जुने खेळ मशीनच्या वेगावर वेळ मोजायचे, त्यामुळे नव्या मशीनवर मिनिटांचं काम पापणी लवायच्या आत उरकतं. म्हणजे दाराशी आलेल्याला उत्तर द्यायला सवडच मिळत नाही. आता मधल्याचंच जुनं मशीन माळ्यावरून काढतो आहे.

डोळे जप. रागावलीस तरी चालेल, पण लिही.
तुझा धाकटा

*

१६ फेब्रुवारी

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

शब्दांबद्दल बोललास ते बरोबर आहे. वाचून बघितले असते तर काढवले नसते, म्हणून न वाचताच काढले.

पण तेराव्या खोलीत बेल नव्हती. कंपनीने मला दिलेल्या प्रतीतली ती खोली मला पाठ आहे, तिच्यात नुसतं बंद दार होतं. तुझ्याकडची फ्लॉपी त्यानंतरची असणार. तिच्यावरची तारीख बघ. जुनं मशीन लागलं की बेल किती वेळा वाजते ते मोज. काहीही टाईप करू नकोस, नुसतं मोज. मी आकडा सांगत नाही, तू सांग.

बाकी ठीक. जेवण जात नाही, पण ते औषधांमुळे असेल.
तुझी ताई

*

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मशीन चालू झालं. आत कोळ्यांनी संसार थाटला होता, त्यांना घालवून दिवसभर खपलो. फ्लॉपीवर १९ ऑगस्ट आहे, म्हणजे तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची.

बेल सात वेळा वाजते. स्टॉपवॉच लावून तीनदा मोजली. आधी चार, माणूस सहज वाजवतो तशा. मग चाळीस सेकंद काहीच नाही. मग दोन, लांब. मग पुन्हा शांतता, आणि शेवटी एक एवढीशी, बोट ठेवलं आणि लगेच काढलं अशी. मग ‘गेला’. नुसती मशीनची पीं आहे ती, तरी भर दुपारी, दुकानात वीस घड्याळं टिकटिक करत असताना मला तेवढीच ऐकू आली. तुझी वहिनी चहा घेऊन आली होती, ती शेवटच्या बेलला दाराकडे बघायला वळली. नंतर म्हणाली, हा खेळ नाही भावोजींचा, बाहेर खरंच कोणीतरी ताटकळत उभं आहे. आता ती दुकानात यायला तयार नाही.

ताई, तू आकडा का विचारलास? तुला काय माहीत आहे? मी लहान नाही, केस पांढरे झाले माझे. सांग.
तुझा धाकटा

*

२ मार्च

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

सातच होत्या. चार, दोन आणि एक एवढीशी. हे जगात फक्त दोघांना माहीत होतं, त्यातला एक गेला.

तुला एवढंच ठाऊक आहे की आमचं बिनसलं आणि तो माझ्या घरातून भाड्याच्या खोलीवर राहायला गेला. मी त्याला काय बोलले ते तुला माहीत नाही. हा पोरखेळ आहे, याला कोणी विचारणार नाही, उगाच आयुष्याची माती करू नकोस, असं मी ऑफिसातल्या चार माणसांदेखत बोलले. तो हसला आणि निघून गेला. मग महिनाभराने, १८ ऑगस्टला, रविवारी दुपारी तो माझ्या दारी आला. मी दाराच्या भिंगातून त्याला बघितलं. काखेत फ्लॉप्यांचा डबा होता. मला वाटलं, भांडायला आलाय. माझा हात कडीवर होता, धाकोबा. सातही बेला मी तशीच उभी राहून ऐकल्या. मग त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली. दोन दिवसांनी तो माझ्या घराच्या दोन गल्ल्या अलीकडे रस्त्यात कोसळला. आठवड्याभरात मी बेल काढून टाकली. ताईचं दार पोलिसांसारखं बडवावं लागतं अशी तू चेष्टा करतोस, मी कधी कारण सांगितलं नाही.

पुढे त्याचाच खेळ माझ्याकडे कामाला आला. तेराव्या खोलीत बंद दार बघितलं आणि मला ते सहन होईना. मी ते पहिल्याच क्लिकला उघडेल असं करून टाकलं. आत ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी दारामागे आहे हे त्याला कळलं होतं का, आणि कळून तो माझ्यावर रागावून गेला का, एवढं मला जाणून घ्यायचं आहे. सत्तावीस वर्षं दुसरा विचार नाही. आता बेल वाजली की ‘दार उघड’ असं टाईप कर. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिही, शिवी असली तरी.
तुझी ताई

*

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी मशीनला हात लावला नाही. मी तुझ्यावर रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. मग तुझं ते रेघा सोडून पळणारं अक्षर पुन्हा वाचलं आणि राग टिकला नाही.

काल दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. पहिल्या चार बेला झाल्या, मधल्या शांततेत मी ‘दार उघड’ लिहिलं. त्याचं उत्तर वाचून मी काय केलं तेही सांगतो. तुला पाठवायला एक छान खोटं उत्तर तयार केलं. त्यात तो तुला सगळं माफ करत होता. कागदावर उतरवलंसुद्धा. मग लक्षात आलं, त्याची भाषा मला जमत नाही, तू पहिल्या ओळीत पकडशील. फाडून टाकलं.

पडद्यावर असं आहे:

‘ताई दार उघडते. ती काय म्हणते ते अजून लिहायचं आहे. मनाने लिहिणार नाही, तिलाच विचारायचं. उद्या परत जातो.’

यापुढे काही नाही. तो खेळाचा मजकूर नाही गं, स्वतःसाठी करून ठेवलेली खूण आहे. तो कामात अशीच रिकामी जागा ठेवायचा. एकोणीस तारखेला त्याने हे लिहिलं आणि वीस तारखेला निघाला. तो त्या गल्लीत कशाला गेला होता, हे आपल्याला कधी उमगलं नव्हतं. तो तुझ्याकडेच येत होता. तू आत होतीस हे त्याला कळलं होतं की नाही ते यात नाही, मी प्रत्येक ओळ बघितली. पण या वेळी तू दार उघडशील असं तो धरूनच चालला होता.

ओळीखाली कर्सर लुकलुकतो आहे. मला मशीन बंद करवत नाही. तुझी वहिनी आज स्वतः येऊन त्याच्यासमोर पाच मिनिटं बसून गेली.
तुझा धाकटा

*

१३ मार्च

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

पत्र भिंगाखाली धरून चार वेळा वाचलं. माफ केलं असतं त्याने, तर मी रडून मोकळी झाले असते. शिव्या दिल्या असत्या तर त्याही घेतल्या असत्या. त्याने मला विचारायचं ठेवलं, याला काय करू ते कळत नाही.

डॉक्टर अजून आठवडा थांब म्हणतात. त्यांचं बरोबर असेल, पण मी उद्याच्या गाडीने निघते आहे. मला स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, दुकान सोडून जाऊ नकोस. ती ओळ मी लिहीन. कशी घालायची ते हाताला अजून येतं, पडदा दिसला नाही तर तू वाचून दाखव, अडखळलास तरी चालेल. काय लिहायचं ते मी सत्तावीस वर्षांत हजारदा ठरवलंय आणि आता एकही शब्द आठवत नाही, पण तिथे बसल्यावर येईल.

तोवर मशीन बंद करू नकोस, कोणाला करू देऊ नकोस. एकदा मी त्याला दारातून परत पाठवलंय.

उरलेला लोभ भेटीत.
तुझी ताई